हरेशदादांचं नाक आणि तीन मशिनं

हरेश तरे चंदनसारच्या त्या इस्पितळात पहिल्यांदा गेला तो जनरेटर दुरुस्त करायला. बावीस वर्षं झाली त्याला. तेव्हा तो निर्मळच्या वाड्यांमधून मामाबरोबर पाण्याचे पंप उघडत फिरायचा. त्या दिवशी इस्पितळाचा नेहमीचा मेकॅनिक आला नाही, म्हणून कुणीतरी केळीच्या बागेतून हरेशला उचलून स्कूटरवर बसवून आणलं. जनरेटर तासाभरात सुरू झाला. तेव्हाचे मोठे डॉक्टर म्हणाले, "आलाच आहेस तर आमचं सक्शन मशीनही बघ. घरघर करतंय." हरेशने मशीनवर तळहात ठेवला, जरा कान दिला आणि म्हणाला, "बेअरिंग गेलंय." उघडून पाहिलं तर खरंच बेअरिंग गेलेलं. महिनाअखेरीला तो तिथेच नोकरीला लागला होता. पुढे ओटी टेक्निशियनचा कोर्सही त्याने केला आणि नाक-कान-घशाच्या ऑपरेशन थिएटरचा होऊन गेला.

आता तो एक्कावन्न वर्षांचा आहे. थिएटरात त्याला सगळे हरेशदादा म्हणतात. तेंडोलकर मॅडम, म्हणजे नाक-कान-घशाच्या डॉक्टर विनया तेंडोलकर, तेवढ्या हरेशभाऊ म्हणतात. चौदा वर्षं दोघं एकत्र काम करतायत.

त्यांचं जुनं डिब्रायडर गेल्या वर्षी संपलं. डिब्रायडर म्हणजे पेनापेक्षा थोडी जाड दांडी, तिच्या टोकाला बारीक नळी. नळीला शेवटाशी एक छोटी खिडकी असते आणि आत पातं फिरत असतं. नाकात मांस वाढलेलं असलं की ही नळी ते खिडकीतून ओढून घेते, कापते आणि सक्शनने बाहेर टाकते. पायाखालचं पेडल दाबलं की पातं चालू, पाय उचलला की बंद. अकरा वर्षं चाललेल्या त्या मशीनचे भाग कंपनीने बनवायचे सोडून दिले होते. "चार वेळा मी त्याला उठवून बसवलंय," हरेश मॅडमना म्हणाला. "पाचव्यांदा नको. माणसाच्या नाकात जातं ते."

मग तीन कंपन्यांशी बोलणं झालं. प्रत्येकीने आपलं मशीन एकेक आठवडा वापरायला द्यायचं, त्यांतून एक घ्यायचं. मॅडमनी मूल्यमापनाचा छापील फॉर्म काढला आणि त्याच्या दोन प्रती केल्या.

"दोन कशाला?" हरेशने विचारलं.

"मी फक्त चालवते. जोडणं, धुणं, निर्जंतुक करणं आणि अडलं की त्याची समजूत घालणं तुमच्याकडे आहे. तुमचा फॉर्म वेगळा."

हरेशला एवढ्या वर्षांत असं कुणी काही भरायला दिलं नव्हतं. तो फॉर्म त्याने आधी पेन्सिलीने भरायचं ठरवलं.

मॅडमची एक अट होती. टेबलावर तपासल्याशिवाय कुठलंही मशीन पेशंटपर्यंत जाणार नाही. पहिल्या कंपनीचा माणूस त्यासाठी ढोबळी मिरची घेऊन आला होता. त्याने मिरची आतून कोरून दाखवली, छान दाखवली. हरेश मागे उभा राहून मान हलवत होता.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"मिरची कडक असते, मॅडम. नाकातलं मांस कुठं तसं असतं? ते बुळबुळीत, पाण्यानं भरलेलं. निसटतं." त्याने दोन बोटं एकमेकांवर घासली. "कालवासारखं."

थिएटरच्या सिस्टर शर्ली किनाऱ्यावरच्या भुईगावच्या. कालवं म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांतलं मऊ मांस, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "मॅडम, पण खरंच. दुर्बिणीतून दिसतं ते अगदी कालवच."

मॅडम मालवणकडच्या. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "उद्या आणा."

हरेशचं घर खाडीकाठच्या गावात. त्याची बायको हेमांगी ओहोटीला खडकावर जाऊन कालवं फोडणारी. नवऱ्याने इस्पितळासाठी वाटीभर कालवं मागितल्यावर तिने कमरेवर हात ठेवले. "ऑपरेशन कालवांचं करनार का आता?" पण दिली. चाचणी गच्चीवरच्या जुन्या स्टोअरमध्ये ठरली, कारण खाडीची वस्तू थिएटरात न्यायची नाही हे शर्ली सिस्टरांनी बजावलं होतं. चाचणीची दांडी वेगळी, पेशंटसाठीची वेगळी, असंही ठरलं.

पहिलं मशीन हलकं होतं. पडद्यावर रंगीत आकडे यायचे, आवाज जवळजवळ नव्हताच. मॅडमचा हात लहान आहे. बहुतेक हत्यारं मोठ्या पंजाच्या पुरुष सर्जनला धरून केलेली असतात आणि तासाभराने त्यांचा अंगठा दुखायला लागतो. हे मशीन हातात घेतल्या घेतल्या त्यांचा चेहरा खुलला. दहा कालवं त्याने सटासट गिळली. त्या आठवड्यात तीन पेशंटांवरही ते नीट चाललं. शर्ली सिस्टर खूश, कारण धुवायला सोपं. हरेशने पन्नासपैकी सेहेचाळीस मार्क दिले.

दुसऱ्या आठवड्यातलं मशीन वजनाला जड. हरेशने त्यावर हात ठेवला तेव्हाच त्याला कळलं की हे तापणार. नवव्या मिनिटाला मॅडमनी ते खाली ठेवलं आणि बोटं झाडली. त्याचा विषय तिथेच मिटला.

तिसरं मशीन घेऊन येणार होता प्रितेश नावाचा तरुण. तो सोमवारी सकाळी यायचा होता म्हणून हेमांगीने रविवारी कालवं आणून बर्फाच्या डब्यात भरून दिली होती. प्रितेश उगवला मंगळवारी दुपारी, पांढराशुभ्र शर्ट, हातात मोठी पेटी. "सॉरी काका, अंधेरीला डेमो लंबा खेचला."

"हरकत नाही," हरेश म्हणाला. "माल तयार आहे." आणि त्याने गच्चीवरच्या स्टोअरमध्ये डबा उघडला.

प्रितेश पेटी तिथेच ठेवून बाहेर गेला. शर्ली सिस्टरांनी पदर नसल्यामुळे रुमाल शोधायचा प्रयत्न केला, मिळाला नाही, मग त्याही गेल्या. हरेशला वाटलं, दोघांना खाली बोलावलं असेल. त्याने चिमट्याने एक कालव उचललं, उजेडात धरून पाहिलं आणि ताटलीत मांडलं. मग दुसरं. बर्फ वितळला होता हे त्याच्या लक्षात आलं, पण कालवं त्याला ठीक वाटली. थोडी मऊ पडली होती, इतकंच.

तेंडोलकर मॅडम जिना चढून येत होत्या. त्या अर्ध्या जिन्यात थांबल्या, नाकाला ओढणी लावली आणि तशाच वर आल्या. हरेश ताटलीवर वाकून एकेक कालव ओळीत लावत होता.

"हरेशभाऊ, तुम्हाला वास येत नाही?"

"येतोय की थोडा," हरेश म्हणाला. खरं तर येत नव्हता.

"डोळे मिटा."

त्याने मिटले. मॅडमनी काहीतरी त्याच्या नाकाखाली धरलं.

"कशाचा वास आहे?"

हरेशने अंदाज केला. इस्पितळात डॉक्टर माणसाच्या नाकाखाली दुसरं काय धरणार? "स्पिरिट," तो ठामपणे म्हणाला.

दाराबाहेर प्रितेश हसत सुटला. हरेशने डोळे उघडले तर समोर ताटलीतलंच एक कालव होतं, नासलेलं.

त्याच दुपारी मॅडमनी त्याला तपासणीच्या खुर्चीत बसवलं. इतकी वर्षं तो त्या खुर्चीच्या मागे उभा राहिला होता. दुर्बीण नाकात गेली आणि समोरच्या पडद्यावर त्याला पहिल्यांदाच स्वतःचं नाक आतून दिसलं. दोन्ही बाजूंना फिकट, चकचकीत घोस लटकत होते. दुसऱ्या कुणाचं असतं तर त्याने पेशंट आत यायच्या आधीच ट्रे मांडून ठेवला असता.

"कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

हरेशला सांगता येईना. नाक चोंदलेलं असायचं, पण ओटीतला एसी, वय, धूळ, काही ना काही कारण सापडायचं. वास कधी गेला ते तर मुळीच आठवेना. रोज थोडा थोडा गेला असणार.

घरी हेमांगीला सांगितलं तेव्हा ती चिडली नाही. ती शेजारी येऊन बसली. "दिवाळीच्या आधी गॅस चालू राह्यला होता, आठवतंय? मी परसातनं वास आला म्हनून धावत आली. तुम्ही बाजूलाच बसून पेपर वाचत होता. मला वाटलं, ह्यांचं ध्यान नाय." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "घोरनं तर कवापासून सांगते. पन ऐकनार कोन?"

गॅसची गोष्ट हरेश पार विसरून गेला होता.

औषधं सुरू झाली, स्प्रे सुरू झाला. मधे चार दिवस नाक किंचित उघडलं, पुन्हा बंद झालं. सीटी स्कॅन झाला. तीन आठवड्यांनी मॅडम म्हणाल्या, "मांस काढावं लागेल. मी करेन. चालेल ना?"

"तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही," हरेश म्हणाला. "पण मशीन कुठलं?"

मशीनचा निर्णय जवळजवळ झालेलाच होता. प्रितेशचं मशीन ताज्या कालवांवर तपासून झालं होतं, पेशंटवर वापरायची वेळ मात्र त्या आठवड्यात आली नव्हती. ते चांगलं होतं, पण जरा जाड, थोडं जास्त तुंबणारं, आणि ओल्या फरशीवर त्याचं पेडल सरकायचं. हरेशने त्याला एक्केचाळीस दिले होते. पहिल्या मशीनची ऑर्डर दोन दिवसांत जाणार होती.

हरेश त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत सीटीचे फोटो घेऊन बसला. हे फोटो त्याला वाचता यायचे. डोळा आणि नाक यांच्यामध्ये हाडाची एक भिंत असते, कागदासारखी पातळ. त्याच्या डाव्या बाजूला मांस थेट त्या भिंतीला टेकलं होतं. त्याने फोटो पाकिटात घातला, मॅडमच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "माझा फॉर्म परत द्या."

"का?"

"त्यात कापण्याचे मार्क आहेत, वजनाचे आहेत, आवाजाचे आहेत. थांबण्याचे नाहीत. पाय उचलल्यावर पातं किती लवकर थांबतं आणि थांबताना खिडकी उघडी राहते की मिटते, हे आपण बघितलंच नाही."

मॅडमनी फॉर्म काढून वरपासून खालपर्यंत वाचला. थांबण्याचा रकाना नव्हता. त्यांनी फॉर्म खाली ठेवला. "कसं बघायचं?"

"अंड्यावर."

ही कल्पना त्याला कुठून सुचली ते त्याला विचारलं तर तो सांगतो की सुचली वगैरे काही नाही, सकाळी हेमांगी अंडी फोडत होती. कच्च्या अंड्याचं कवच वरच्या बाजूने चिमट्याने अलगद काढलं की खाली पापुद्रा राहतो. तो डोळ्याजवळची भिंत. त्यावर कालव ठेवायचं. मॅडमनी मशीनने कालव काढायला लागायचं आणि मधेच केव्हाही हरेशने "थांबा" म्हटलं की पाय उचलून नळी मागे घ्यायची. पापुद्रा शाबूत तर मशीन पास.

दोन्ही कंपन्यांना एक दिवसासाठी पुन्हा बोलावलं. पहिल्या मशीनसाठी दहा अंडी, प्रितेशच्या मशीनसाठी दहा. गच्चीवर कवचं सोलायला शर्ली सिस्टर बसल्या होत्या. "एवढ्या अंड्यांत आमच्याकडे दोन केक झाले असते," असं त्या दर अंड्यामागे म्हणत होत्या.

पहिलं मशीन नेहमीसारखंच देखणं चाललं. "थांबा." मॅडमनी पाय उचलला, नळी मागे घेतली आणि पापुद्र्याला सुरकुती पडली, पण तो टिकला. दुसरं अंडंही टिकलं. तिसऱ्याला पिवळं बाहेर आलं. पातं थांबत होतं, पण कुठेही थांबत होतं. खिडकी अर्धी उघडी राहिली की सक्शन आपलं ओढतच राही आणि नळी मागे घेताना पापुद्रा सोबत येई. दहात चार अंडी फुटली. त्या कंपनीच्या माणसाने शांतपणे वही काढून सगळं लिहून घेतलं. तो म्हणाला, "मी हे वर कळवतो." भला माणूस होता.

प्रितेशचं मशीन पाय उचलताच खिडकी मिटून थांबायचं. दर वेळी. दहात एकच अंडं फुटलं, तेही शर्ली सिस्टरांचा कोपर टेबलाला लागला म्हणून.

मॅडम मात्र दांडीकडे पाहत होत्या. "पण ही माझ्या हाताला जाड पडते. खोटं कशाला सांगू? लांबच्या ऑपरेशनला माझा हात दुखणार."

प्रितेशने खाकरून घसा साफ केला. "मॅडम, याला छोटी ग्रिप येते."

"मग आणली का नाही?"

"कोणी मागितलीच नाही आजपर्यंत. गोडाऊनमध्ये पडलीये."

दुसऱ्या दिवशी तो ती ग्रिप घेऊन आला. मॅडमनी दांडी हातात धरली, अंगठा हलवून पाहिला, डाव्या हातात घेतली, पुन्हा उजव्या हातात घेतली. मग फॉर्मवर सही केली. पेडल सरकू नये म्हणून खाली घालायची रबरी चटई कंपनीने द्यावी, आणि तुंबू नये म्हणून पाण्याचा प्रवाह किती ठेवायचा ते लेखी द्यावं, या दोन अटी हरेशने आपल्या अक्षरात खाली लिहिल्या. या वेळी पेनाने.

ऑपरेशन गुरुवारी सकाळी नऊला होतं. प्रितेश आठ वाजताच येऊन ओटीबाहेरच्या बाकावर बसला होता. हेमांगीही तिथेच होती. तिनेच शेवटी त्याला बिस्किटं दिली. "खा रे. तुझा रंग बघ कसा झालाय."

"काकी, इथे मशीनची पहिलीच केस आणि पेशंट कोण, तर काका," प्रितेश म्हणाला. "टेन्शन त्यांना यायला पाहिजे, आलंय मला."

आत हरेश टेबलावर आडवा पडला होता आणि गप्प बसत नव्हता. छत त्याने या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. वरच्या दिव्याच्या कडेला धूळ दिसली, ती त्याने शर्ली सिस्टरांना दाखवली. मग सलाईनची बाटली जरा उंच लावायला सांगितली. मग पेडल कुठे ठेवलंय ते विचारलं. भुलीचे डॉक्टर म्हणाले, "हरेशदादा, आता तुम्ही पेशंट आहात. एकपासून मोजा."

"मोजतो. एक. सिस्टर, चटईची खरखरीत बाजू खाली घाला. दोन. आणि सक्शनची..."

सक्शनचं काय ते राहूनच गेलं.

तासाभरात मॅडम बाहेर आल्या आणि हेमांगीला म्हणाल्या, "झालं. छान झालं." प्रितेशने डोकं भिंतीला टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.

नाकातल्या पट्ट्या दुसऱ्या दिवशी निघाल्या. हरेशला आधी कळली ती हवा. नाकातून आत जाणारी गार हवा, दोन्ही बाजूंनी. पहिल्या रात्री तो घोरला नाही, तर हेमांगी घाबरून उठली आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बसली. वास मात्र आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, स्प्रे मारायचा, कामावर जायचं. वाफाळता चहा नाकाशी धरून हरेश जरा जास्तच वेळ बसायचा. मॅडम म्हणाल्या होत्या, येईलही, थोडाच येईल, किंवा वेळ लागेल.

तिसऱ्या आठवड्यात तो निर्जंतुकीकरणाच्या खोलीत ट्रे काढत होता. त्याने ऑटोक्लेव्हचं दार उघडलं आणि एकदम मागे सरला. बटण बंद केलं, मेन स्विचही पाडला.

"शर्ली सिस्टर, इकडे या. काहीतरी जळतंय."

शर्ली सिस्टर धावत आल्या. त्यांनी हुंगलं, ऑटोक्लेव्हभोवती फिरल्या, पुन्हा हुंगलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "हरेशदादा, काही जळत नाहीये. दार उघडलं की असाच वास येतो. ओलं कापड आणि तापलेलं लोखंड."

"रोज?"

"रोज."

हरेश तिथल्या स्टुलावर बसला. आपण ज्या खोलीत दिवसाचे चार तास काढतो तिला वास आहे हे तो विसरून गेला होता. त्याने पुन्हा एकदा खोल श्वास घेतला. वास तसा काही चांगला नव्हता. शर्ली सिस्टर दारात उभ्या राहून त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग स्विच त्यांनीच वर केला.

त्यानंतर वास रोज एकेक करून परत यायला लागले आणि घरी भांडणं सुरू झाली. "आज कालवण तिखट झालंय," असं तो एका दुपारी म्हणाला, तर हेमांगीने पळी खाली ठेवली. "पाच वरसं तुमच्या जिभेला काय लागत नवतं म्हनून मुठीनं मसाला घालते मी. निधीनं ताकाबरोबर जेवायची सवय करून घेतली." त्यांची मुलगी निधी समोर बसली होती. तिने मान डोलावली आणि ताकाचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

हरेशने अंड्यांची चाचणी दोन पानांवर लिहून काढली, मॅडमनी ती टाईप करून घेतली. आता ती जवळपासच्या तीन-चार इस्पितळांत गेलीय. कधीकधी दुसऱ्या ठिकाणच्या टेक्निशियनचा फोन येतो, तेव्हा हरेश थोडा ताठ उभा राहून बोलतो. पहिल्या कंपनीच्या त्या माणसाचाही फोन आला होता. नव्या मॉडेलमध्ये खिडकी मिटून थांबेल असं त्याने सांगितलं.

सहा महिन्यांनी तपासणी होती. हे मांस परत वाढू शकतं, म्हणून बघत राहावं लागतं. या वेळी हेमांगी सोबत गेली. मला बघायचंय, ती म्हणाली. मॅडमनी दुर्बीण आत घातली आणि पडदा तिच्याकडे वळवला. आत गुलाबी, ओलसर, मोकळी जागा होती. हरेश तिला समजावून सांगू लागला, ही मधली भिंत, ही वरची फट, हा इथून डोळ्याकडे जाणारा भाग.

हेमांगीने सगळं नीट पाहून घेतलं. "एवढी जागा होती आत," ती म्हणाली, "नि तुम्ही एवढी वर्षं तोंडानं श्वास घेत होता."

मॅडम हसल्या आणि दुर्बीण बाहेर काढली. "आता सहा महिन्यांनी या. हरेशभाऊ, पुढची केस टॉन्सिल्सची आहे. पोरगी सात वर्षांची आहे आणि फार रडतेय."

हरेशने खुर्चीतून उठून नाक पुसलं, टोपी डोक्यावर चढवली आणि हेमांगीला म्हणाला, "तू जा घरी. मला चार वाजतील." मग तो त्या पोरीशी बोलायला गेला.